मुदत टळली, माफी कुठे मिळेल?

जप्तीची नोटीस दारावर लागल्याशिवाय वकिलाची पायरी चढायची नाही, ही आपल्या भागातील जुनी खोड. उल्हासनगरचा जीन्स शिवणारा असो, फर्निचरवाला असो की बदलापूरचा दुकानदार. तोवर अपिलाची मुदत उलटलेली असते.

दिवाणी दाव्यात निदान आशा आहे. कल्याणच्या दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात जायला ३० दिवस मिळतात. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाकावा. तरीही उशीर झालाच, तर १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५ आहे. अपिलासोबतच माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन खटल्यात सांगितले, की एकेका दिवसाचा हिशेब अडवणुकीच्या वृत्तीने मागू नये. (तेथे उशीर सरकारचाच होता, तोही चार दिवसांचा!) १९९८ साली बालकृष्णन खटल्यात ८८३ दिवस माफ झाले, कारण वकिलाने पक्षकाराला अंधारात ठेवले होते. मात्र १०,००० रुपये खर्च भरावा लागला. उलट २०१२ साली टपाल खात्याचे ४२७ दिवस माफ झाले नाहीत. फाइल टेबलावर फिरत होती, हे कारण न्यायालयाला पटले नाही. दिवस किती यापेक्षा कारण खरे किती, हे पाहिले जाते. दवाखान्याचे कागद, वकिलाला पाठवलेली पत्रे म्हणूनच जपून ठेवावीत.

जीएसटीत मात्र ही उदारता नाही. पहिल्या अपिलाला तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी एकच महिना. पुढे अपील अधिकाऱ्याचे हातच बांधलेले. जुन्या अबकारी कायद्याखालीही न्यायालयाने २००७ साली असेच ठरवले होते. आणि आदेश येतो कुठे? पोर्टलवर. लॉगिन टॅक्सवाल्याकडे, ई-मेल त्याचाच. अंबरनाथच्या शेडमध्ये मशीन चालवणाऱ्याला पत्ता लागतो तो बँक खाते गोठल्यावर.

आम्हाला हे अन्यायाचे वाटते. २०२३ साली सरकारने जुन्या आदेशांवरील चुकलेल्या अपिलांसाठी ३१ जानेवारी २०२४ पर्यंत खास सवलत दिली होती. म्हणजे अडचण सरकारलाही ठाऊक आहे. मग प्रत्येक वेळी सवलतीची वाट का पाहायची? खरे कारण दाखवणाऱ्याचा उशीर माफ करण्याचा अधिकार कायद्यातच द्यावा, ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरावी. तोवर पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच टाकावा.