पहिला बर्फ आणि सुट्टीचे तिकीट

नोव्हेंबर लागला की वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास झळकते : 'गुलमर्गला मोसमातील पहिली बर्फवृष्टी.' लगेच घरोघरी बेत शिजू लागतात. नाताळात मुलांना स्कीइंग शिकवू या! रजेचा अर्ज जातो, तिकिटे काढली जातात, हॉटेलला आगाऊ रक्कम भरली जाते. वाचकहो, ते छायाचित्र पाहून एवढ्यात पैसे भरू नका, हे सांगण्यासाठीच आजचा लेखनप्रपंच.

ते छायाचित्र बहुधा अफरवाटच्या माथ्याचे असते. गुलमर्गची केबलकार तिथे जवळजवळ १३,००० फुटांवर पोचवते. नवशिके मात्र शिकतात ते खाली, सुमारे ८,७०० फुटांवरच्या कुरणात. उंची हजार मीटरने कमी झाली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढते. म्हणजे वर उणे पाच, तर खाली अधिक तीन! एकाच ढगातून वर बर्फ आणि खाली नुसता पाऊस. शिवाय जमीन अजून उबदार असते, ऊन कडक असते. पहिला थर दोन-चार दिवसांत विरघळतो.

मग अंदाज कशाच्या आधारे बांधायचा? आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. हिमालयातला हिवाळी बर्फ मात्र येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले 'पश्चिमी झंझावात' इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडावर येऊन थडकतात. असा झंझावात निघाला की हवामान खाते चार-पाच दिवस आधी बऱ्याच भरवशाने सांगू शकते. मात्र २५ डिसेंबरला बर्फ असेल का, हे नोव्हेंबरात ठामपणे सांगणारा हवामानतज्ज्ञ नव्हे, ज्योतिषीच म्हणायचा.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार अर्धा महिना उलटला तरी तपकिरी होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, २२ फेब्रुवारीपासून होणाऱ्या 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. सरकारला तारीख बदलता येते. आपली रजा आणि मुलांची शाळा कोण पुढे ढकलणार?

काश्मिरी लोकांचे पंचांग इथे कामी येते. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ते 'चिल्लई कलान' म्हणतात. खरी थंडी तेव्हा मुरते आणि पडलेला बर्फ टिकू लागतो. त्यामुळे स्कीइंग शिकायचेच असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. उत्तराखंडातल्या औलीलाही हाच हिशेब लावावा. नाताळातच जाणे भाग असेल, तर बर्फ 'पाहायला' जात आहोत असे मुलांना आधीच सांगून ठेवावे. आरक्षण शक्यतो रद्द करता येईल असेच करावे.

निघण्यापूर्वी हॉटेलात फोन जरूर करा, पण 'बर्फ आहे का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते! आम्हाला एकदा ते मिळाले होते, आणि प्रत्यक्षात हॉटेलच्या मागच्या बाजूला सावलीत टोपलीभर बर्फ होता. 'शिकण्याच्या उतारावर किती इंच आहे?' असे विचारा. अंदाजात मिलिमीटर दिलेले असतील तर ते पाण्याचे असतात; एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ धरावा.

आणि भरपूर बर्फाचा अंदाज आला तर? तेव्हा तर अधिकच जपायला हवे. ताजा जड थर उतारावरून सुटतो. अफरवाटवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटू अशाच हिमकड्याखाली दगावले, तर २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गलाच एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी आखून दिलेला उतार सोडून जाऊ नये, मग गाईड काहीही म्हणो. अशा वेळी श्रीनगरची विमाने रद्द होतात, जम्मूचा रस्ताही बंद पडतो. म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि नेहमीची औषधे व मुलांचा खाऊ दोन दिवसांचा जास्तीचा घ्या.