नोंदणी आहे, पण रुग्ण हलवायचे कसे?

शिराळा तालुक्याला निसर्गाने दुहेरी धोका दिला आहे. दक्षिणेला वारणा, गावाजवळून वाहणारी मोरणा आणि डोक्यावर ३४.४० टीएमसी क्षमतेचे चांदोली धरण. त्यात कोयना-वारणा हा देशातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला भूकंपप्रवण पट्टा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने सुमारे १८० बळी घेतले. पुढे चांदोलीचा जलाशय भरू लागल्यावर १९९० च्या दशकात वारणा खोऱ्यातही धक्के जाणवू लागले. अशा प्रदेशातील खासगी नर्सिंग होमकडे आपत्तीचा आराखडा असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. प्रश्न आहे तो कायदा ती कितपत करतो, हा.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यानुसार होते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. जुन्या कायद्याचा भर जागा, खाटा, परिचारिका आणि स्वच्छता यांवर आहे. आगीबाबत २००६ चा स्वतंत्र कायदा असून, त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मान्यताप्राप्त संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, द्यावा लागतो. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथेही अतिदक्षता विभागातच आगी लागल्या. जो रुग्ण स्वतः उठू शकत नाही, तोच अशा वेळी सर्वांत आधी सापडतो.

आगीनंतर निदान तपासणीचे फर्मान तरी निघते. पुराच्या वाट्याला तेही येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. शिराळ्याचा गंभीर रुग्ण एरवी कराड, सांगली वा कोल्हापूरला पाठवला जातो. पण वारणेला पूर आला की मांगले-काखे पुलासारखे रस्ते पाण्याखाली जातात. म्हणजे ‘वरच्या रुग्णालयात पाठवा’ हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा नेहमीचा तोडगा नेमका गरजेच्या दिवशी निकामी ठरतो.

परदेशात ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्धांचे शुश्रूषागृह. आपल्याकडे बहुधा प्रसूतिगृह किंवा दहा-वीस खाटांचे रुग्णालय. अर्थ वेगळा, अडचण तीच. २०१७ च्या इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील एका शुश्रूषागृहात वातानुकूलन बंद पडून १२ वृद्ध दगावले. तेव्हा पर्यायी विजेची व्यवस्था आणि ९६ तासांचे इंधन तेथे सक्तीचे झाले. जपानने २०१७ मध्ये पूरप्रवण भागातील अशा संस्थांना स्थलांतर आराखडा बंधनकारक केला. पण कुमामोतोतील सेन्जुएन येथे आराखडा असूनही जुलै २०२० च्या पुरात १४ वृद्ध बुडाले. पहाटे कर्मचारी मोजके होते आणि खाटेवरच्या माणसाला वरच्या मजल्यावर नेणे कागदावर दिसते तितके सोपे नसते. कागदावर समाधान मानणाऱ्या आपल्या प्रशासनाने ही घटना विशेष लक्षात घ्यावी.

छोट्या डॉक्टरांची तक्रारही अगदीच खोटी नव्हे. परवाने आधीच पुष्कळ आहेत, आणि मोठ्या शहरातील रुग्णालयाचे निकष तालुक्यातील दहा खाटांवर लादले तर रुग्णालय बंद होईल. मग बाळंतिणीने जायचे कुठे? मात्र जनित्र तळघरात न ठेवता पूररेषेच्या वर बसवणे, प्राणवायूची नळकांडी साखळीने भिंतीला बांधणे, रात्रपाळीत रुग्ण उचलण्याचा सराव करणे यांना कोटींचा खर्च येत नाही. चांदोलीतून विसर्ग वाढवण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातोच. तोच संदेश तालुक्यातील प्रत्येक नर्सिंग होमला मिळावा, नवव्या महिन्यातील गर्भवती व डायलिसिसचे रुग्ण रस्ता बंद होण्याआधी हलवावेत आणि ते कोणत्या रुग्णालयात जातील याचा लेखी करार मे महिन्यातच व्हावा. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी तपासायला हा एक कागद पुरेसा आहे. सोबत सरावाची तारीखही विचारली जावी.