प्रबंधात जीआरचा संदर्भ कसा द्यावा?
परभणीच्या कृषी विद्यापीठात कर्जमाफीवर प्रबंध लिहिताना तळटीपेत ‘महाराष्ट्र शासन, २०१७’ एवढेच लिहिले, तर नेमका कोणता शासन निर्णय समजायचा? २८ जून २०१७ च्या निर्णयात २०१२ पासूनची थकीत कर्जे होती. जुलैमध्ये ही मर्यादा २००९ पर्यंत मागे नेण्यात आली. फक्त पहिला जीआर धरला, तर पात्र शेतकरी प्रबंधात अपात्र ठरतो.

म्हणून विभाग, विषय, जीआर क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक हे सर्व द्यावे. संकेतांकावरून शासनाच्या संकेतस्थळावर मूळ प्रत शोधता येते. नंतरचे शुद्धिपत्रक, सुधारित निर्णयही पाहावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ हा संदर्भ नव्हे. मार्गदर्शकांनीही तळटीपा तपासूनच सही करावी.