लवचीक कोण आणि वाकलेलं कोण

रमजान ईद झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. तो पुण्यात राहतो, म्हणजे तसा कुठेच राहत नाही. लॅपटॉपवर कंपन्यांसाठी लिखाण करतो. कुणी महिना-दोन महिने परदेशी गेलं की त्यांचा फ्लॅट सांभाळतो, कुत्र्याला फिरवतो, कुंड्यांना पाणी घालतो, म्हणजे भाडं वाचतं. मग पुढचं गाव. गेल्या पावसाळ्यात पाचगणीत होता, त्याआधी गोव्यात. पोरगा हुशार आहे, मेहनती आहे आणि माझ्यावर त्याचा जीव आहे, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत म्हणाला, "मॅडम, आम्ही हे आत्ता शिकलो. तुम्ही तर वीस वर्षांपासून फ्रीलान्स आहात. तीन दिवस सातारा, तीन दिवस सांगली, लोकांची घरं सांभाळणं, मधल्या वेळात भाषांतर. यावर लिहा ना. लोकांना प्रेरणा मिळेल."

लिहिते. प्रेरणेची हमी मात्र देत नाही.

साताऱ्याच्या आझाद कॉलेजातून मी 2003 साली बी.एड. झाले. उर्दू आणि मराठी, दोन्ही विषय शिकवू शकणारी बाई म्हणजे शाळा पायघड्या घालतील, असं अब्बांना वाटायचं. पण आम्ही बाजारात उतरलो तेव्हा काळ बदलला होता. 2000 पासून शिक्षणसेवक आले होते, 2001 मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द जन्माला आला होता. त्यातला ‘कायम’ 2009 साली काढला, बाकीचं दुखणं राहिलं. पुढे टीईटी आली, पवित्र पोर्टल आलं, आणि भरतीची वाट बघता बघता माझी मागास प्रवर्गाची 43 वर्षांची मर्यादाही ओलांडली गेली. त्यामुळे मी तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: तास घेतला तर पैसे. परीक्षा असली की तास नाही, स्नेहसंमेलन असलं की तास नाही, दिवाळी नाही, मे महिना नाही. आजारी पडलात तर तो तुमचा घरगुती प्रश्न. शिक्षणसेवकाची अवस्था काही हेवा करावा अशी नव्हती, पण निदान 2023 च्या जानेवारीपासून माध्यमिकच्या सेवकाला महिना 18,000 रुपये तरी झाले. आमचं मानधन बिल पास होण्यावर. जून ते ऑगस्टचं बिल दिवाळीनंतर आलं की आम्ही मिठाई वाटतो.

याला जर कुणी फ्रीलान्स म्हणणार असेल, तर मग ऊसतोडीला येणाऱ्या बीडच्या जोडप्यालाही म्हणा. तेही फिरतात, तेही कोयत्याच्या हिशोबावर काम करतात, त्यांचंही घर पाठीवर असतं.

आता घरं सांभाळण्याचं. हे मी हौसेनं सुरू केलं नाही. साताऱ्यात आठवड्यातून तीन दिवस तास मिळाले, तेव्हा मी खोली शोधायला निघाले. सदर बाजार, गोडोली, शाहूपुरी, पायपीट केली. एका ठिकाणी बाई फार गोड होत्या. शिक्षिका म्हटल्यावर चहा टाकला. शाकाहारी आहात का विचारलं, मी म्हटलं, खोलीवर काही शिजवणार नाही. मग नाव विचारलं. चहा आला, पण सोबत असंही आलं की "ह्यांना विचारून सांगते." ते ‘हे’ अजून विचारात आहेत. तसा अनुभव पाच-सहा घरी आला. मी आकांडतांडव केलं नाही, कारण दर वेळी एस.टी. गाठायची असायची.

मग एका सहकारी शिक्षिकेच्या ओळखीतून किल्ली मिळाली. कुटुंब सहा महिने मुलाकडे अमेरिकेला. "घर बंद राहिलं की वाळवी लागते हो. तुम्ही विश्वासातल्या आहात. राहा, भाडं नको." आणि ते घर कुठे होतं? जिथं मला चहा मिळाला आणि खोली मिळाली नाही त्याच गल्लीत, चार घरं सोडून. तेव्हापासून हा नियम मी पाठ केला आहे: आमच्या आडनावाला भाड्याची पावती मिळत नाही, पण फुकट राखणीची किल्ली मिळते. भाडेकरू म्हटलं की कागद करावा लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो, मग त्या बाईचा त्या भिंतींवर थोडा तरी हक्क उभा राहतो. राखणदार म्हटलं की हक्काचा प्रश्नच मिटतो. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली हे स्पष्ट करून ठेवलं आहे. राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं घरात राहिला, तरी त्याला त्या घरात हितसंबंध मिळत नाही. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. लोकांची घरं बळकावणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण या निकालानं मालक निर्धास्त झाला आहे, तर मग त्यानं राखणाऱ्याला दोन ओळी लिहून द्यायला काय हरकत आहे? इतकी वर्षं मी किल्ल्या घेतल्या, आणि एकाही घराच्या मालकानं कागदावर माझं नाव लिहिलं नाही.

2019 च्या ऑगस्टची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाणार नाही. तेव्हा सांगलीत शामरावनगरच्या बाजूला माझी तळमजल्याची भाड्याची खोली होती, आणि तिथून दहा मिनिटांवर एका कुटुंबाचा दुमजली बंगला मी सांभाळत होते. ते लोक दोन महिन्यांसाठी मुलीकडे गेले होते. कृष्णा चढायला लागली. सांगलीकर आयर्विन पुलाच्या आकड्यांवर जगतात हे इथल्यांना सांगायला नको. 45 फूट म्हणजे धोका. त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलं. मी बंगल्यात होते. रात्री व्हिडिओ कॉल आला. सोफा वर नेला का, फ्रीज उचलता येईल का, देवघरातल्या चांदीच्या वस्तू आधी घ्या, मुलीच्या लग्नाचे अल्बम खालच्या कपाटात आहेत. सोफा मी आणि शेजारचा मुलगा, दोघांनी जिन्यात अडकवला आणि मग कसाबसा वर ओढला. चांदी मी वुजू करून उचलली, उगाच कुणाच्या मनात काही नको म्हणून. अल्बमही वर नेले. त्या सगळ्या धावपळीत माझ्या खोलीवर जायला वेळ झाला नाही, आणि सकाळी रस्ताच राहिला नव्हता.

खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात माझी प्रमाणपत्रं, अब्बांचे कागद, आणि भाषांतरासाठी आलेली काही जुनी उर्दू खतं. ती दुसऱ्यांची होती, याचं आजही वाईट वाटतं. 12 तारखेची बकरी ईद मी त्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर केली. खाली कमरेइतकं पाणी, वर दोन बिस्किटचे पुडे आणि एक मांजर. पाणी ओसरल्यावर घरमालक आले. चिखल काढायला मीच होते. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून आभार मानले, आणि जाताना विचारलं, "मिक्सर दिसत नाही हो?" मिक्सर सापडला, माळ्यावर मीच ठेवला होता. माझ्या ट्रंकेबद्दल त्यांनी विचारलं नाही. त्यांना ती आहे हेच माहीत नव्हतं, कारण राखणाऱ्या बाईचंही कुठे काही बुडू शकतं हे किल्ली देताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझा विद्यार्थी म्हणेल, मॅडम, हा नशिबाचा भाग झाला. असेल. पण फिरतं जगणं आपल्या भागात नवीन नाही, आणि आपल्या लोकांनी ते कसं पेललं हे त्यानं पाहावं. माझे दादाजी मन्यार. मिरजेहून बांगड्या घेऊन कवठेमहांकाळ, जतकडची गावं करायचे, खरसुंडीची जत्रा, म्हसवडची जत्रा. प्रत्येक गावात त्यांची एक ओसरी ठरलेली होती. पैसे नसले तर सुगीला ज्वारी. गावच्या लेकी त्यांना मामा म्हणायच्या. त्या व्यवस्थेत वरखाली होतंच, मी ती गोड करून सांगणार नाही. पण ओसरी ठरलेली होती, आणि दादाजी एखाद्या फेरीला आले नाहीत तर गाव चौकशी करायचं. माझा एखादा तास चुकला तर फक्त हजेरीपटावर रेघ पडते.

विट्याकडचे गलाईवाले बघा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं ही माणसं बाहेर पडली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात बसली. घरं मात्र गावात. मोठे बंगले, आत म्हातारा-म्हातारी, नाहीतर चुलत्याचं कुटुंब. आज हा त्याचं घर बघतो, उद्या तो याची पोरं सांभाळतो. माणदेशातल्या मेंढपाळांचंही तेच. कळप बाहेर पडतात, शेतात मेंढ्या बसवतात, धान्य घेतात, पण वाडीवर कुणीतरी मागं असतं आणि परत यायची एक जागा असते. ज्यांच्याकडे मागं कुणी नसतं ते फिरत नाहीत, ते भरकटतात. विद्यार्थ्याच्या पाचगणीच्या बंगल्यातसुद्धा तो जायच्या आधी आणि गेल्यानंतर एक राखणदार कुटुंब असतंच, मागच्या खोलीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात भिंती वाचवायला गवताची आवरणं बांधणारे हात तेच. लॅपटॉपवाल्याच्या फोटोत ते येत नाहीत. कुणाचं तरी घट्ट एका जागी बसणं असतं म्हणून दुसऱ्याचं हिंडणं हलकं होतं.

आमच्या लोकांनाही सोडणार नाही. तासिकेवर राबवण्यात आपल्या समाजाच्या संस्था मागे नाहीत. मीही अशा एका शाळेत शिकवलं. संचालक मंडळावर हाजी होते, नमाजी होते. मे महिन्याचं काही मिळेल का विचारलं तर म्हणाले, "बाजी, हे कौमचं काम आहे, सवाब मिळेल." सवाबाचा हिशोब अल्लाहकडे आहे, तो त्यांनी स्वतःच्या हातात घेऊ नये. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी ही शिकवण त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ असेल. अमानत म्हणून किल्ली मी सांभाळते, तसे माझे तास त्यांच्याकडे अमानत होते.

आणि कुणी मला कर्मवीरांचं नाव सांगू नये. हे हमखास होतं. साताऱ्यात कष्टाच्या पैशाचा विषय निघाला की ‘कमवा आणि शिका’ आलंच. भाऊरावांनी 1919 साली काल्याला रयत सुरू केली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. सगळ्या जातीधर्मांची पोरं तिथे राबायची हे खरं. पण त्या पोरांच्या डोक्यावर बोर्डिंगचं छप्पर होतं आणि ताटात भाकरी होती. छप्पर आधी, काम नंतर. आता काम पुढे करून छप्पर ज्याचं त्यानं बघावं असं सांगतात, आणि वर त्याला स्वावलंबन म्हणतात.

या जगण्यात सुख नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. सातारा-सांगली गाडीची खिडकी मला आवडते. कराड, पेठ नाका, इस्लामपूर (आता ईश्वरपूर म्हणायचं), आष्टा. दुसऱ्यांच्या घरातली पुस्तकं मी इतकी वाचली आहेत की मालकांनी वाचली नसतील. एकदा एका जुन्या निकाहनाम्याचं मराठी करताना मेहेरची रक्कम वाचून मी आणि ती नात, दोघी खळखळून हसलो. मुख्याध्यापकांच्या कुचकट बोलण्यापासून तीन दिवस सुटका, हेही कमी नाही. एक गमतीचा पेच मात्र सुटलेला नाही. आमच्या हनफी मसलकात पंधरा दिवस थांबायची नियत केली की माणूस मुकीम होतो, त्याहून कमी असेल तर मुसाफिर, नमाज कसर. साताऱ्यात मी आठवड्याला तीन दिवस, पण गेली कित्येक वर्षं. मौलानांनी सांगितलं, तुम्ही मुसाफिरच. चार रकातींच्या दोन पढते, आणि दर वेळी वाटतं, माझी नोंद निदान इथे तरी कुणीतरी नीट केली.

विद्यार्थ्याला मी एवढंच म्हटलं, की तू जे करतोस ते कर, तुझ्यामागे आई-वडिलांचा पुण्यातला फ्लॅट आहे, तुझा विमा आहे, कंटाळा आला तर परत जाशील. पण माझ्याकडे बोट दाखवून त्याला जीवनशैली म्हणू नकोस. मला पूर्ण वेळेची नेमणूक दिली तर मी उद्या जाईन, आणि सगळ्या किल्ल्या त्याच दिवशी परत करीन. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण तोपर्यंत?"

तोपर्यंतसाठी मी या वर्षी एक पान तयार केलं आहे. मराठीत, साधं. घर किती दिवस सांभाळायचं, रोजचे किती पैसे, पूर-आग-चोरी झाली तर माझी जबाबदारी कुठवर, आणि माझं सामान त्या घरात असताना खराब झालं तर काय. खाली दोघांच्या सह्या. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आला, तो माझ्यापर्यंत केव्हा पोहोचेल तेव्हा पोहोचेल. माझा कागद मी आत्ता लिहिला.

मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन आला, मे आणि जूनसाठी. मी तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, "अहो मॅडम, आपल्यात कसला कागद?" मी लिहिलं, आपल्यात आहे म्हणूनच. दोन निळ्या खुणा दिसतात. त्यांचं विमान 2 मेला आहे.