पाठीमागचं सॉकेट

इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये डिजिटल ऑसिलोस्कोपच्या मागे एकदा हात घालून पाहा. यूएसबीचं सॉकेट असतं, बऱ्याचदा लॅनचंही. अनेक लॅबमध्ये त्यात कधी वायरच गेलेली नसते. पुढच्या बाजूला मुलं पडद्यावरचे चौकोन मोजून रीडिंग घेतात आणि जर्नलात उतरवतात. सॉकेटचे पैसे मोजलेले असतात, शिकवायचं मात्र राहून जातं. हे मला फार खटकतं.

त्या वायरीने काय साधतं, ते नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या एका वर्कशॉपमध्ये पाहिलं. तापकीर गल्ली जवळच, त्यामुळे सुटे भाग हाताशी. एक पॉवर सप्लाय लोडवर लावून ठेवलेला. लॅपटॉपवरून मल्टिमीटरला ‘स्टार आयडीएन’ आणि पुढे प्रश्नचिन्ह एवढंच गेलं. मीटरने कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती कळवली. मग दर दहा सेकंदांना एक रीडिंग, म्हणजे दिवसाला ८,६४०. पहाटे व्होल्टेज घसरलं, तर नेमकं कधी, ते फाइलमध्ये सापडतं.

हे तंत्र जुनं आहे. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या उपकरणांसाठी काढलेली जोडणी १९७५मध्ये आयट्रिपलई ४८८ या नावाने मानक झाली. एका जोडणीवर १५ उपकरणं, वायर जास्तीत जास्त २० मीटर. १९९०मध्ये स्किपी ही आज्ञावली आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं बरीचशी एकाच भाषेत बोलू लागली. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातून उपकरणांशी बोलायला लागणारं पायव्हिसा तर आज फुकट मिळतात.

आणि याच कौशल्याचं भव्य रूप पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या वळवणं, रिसीव्हर जुळवणं, सगळं कंट्रोल रूममधून. आज्ञा पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, काम खरंच झालं का ते तपासायचं. लॅबमधल्या मुलानेही हेच शिकायचं असतं.

धोकेही शिकवायला हवेत. अनेक उपकरणांच्या लॅन सॉकेटला पासवर्डचं संरक्षण नसतं, म्हणून ती उघड्या इंटरनेटवर जोडू नयेत. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तरी पॉवर सप्लायचं आउटपुट सहसा चालूच राहतं. ते बंद करणारी ओळ आधी लिहायची, ही सवय दुसऱ्या वर्षालाच लागली पाहिजे.

हाताने रीडिंग घेणं सोडा, असं मी म्हणत नाही. नॉब फिरवल्याशिवाय सर्किट कळत नाही. फिल्टरचं प्रॅक्टिकल एकदा हाताने दहा बिंदूंवर करू द्या, मग तेच प्रोग्रॅमने पाचशे बिंदूंवर. आलेख मध्येच का वाकला, ते ओरलला विचारा. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही. बहुतेक ऑसिलोस्कोपना प्रिंटरचीच यूएसबी केबल चालते, आणि ती विभागाच्या ऑफिसात असतेच.