पाखरांच्या वाटणीची वेल

द्राक्षाच्या मद्यावर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात लेख! विषय कानी पडताच वर्गमित्रांनी एकमेकांकडे सूचकपणे पाहिले. तेव्हा आरंभीच सांगतो, मद्याची भलामण करायला मी लेखणी उचललेली नाही. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागाइतदाराचा मुलगा. मला बोलायचे आहे ते एका वेलीविषयी. खरे म्हणजे दोन वेलींविषयी.

पहिली वेल इटलीतली. त्या देशाच्या वायव्येस पीडमाँट प्रांतात तानारो नदी वाहते. नदीच्या एका काठाला लांगे, तर दुसऱ्या काठाला रोएरो नावाच्या टेकड्या आहेत. हा सगळा मुलूख नेब्बिओलो या काळ्या द्राक्षाचा. बारोलो आणि बार्बारेस्को ही जगप्रसिद्ध तांबडी मद्ये त्याचीच. रोएरोच्या वाळूमिश्रित जमिनीत पूर्वापार एक पांढरे द्राक्षही होते. त्याचे नाव आर्नेइस. तिथल्या बोलीत या शब्दाचा अर्थ द्वाड, हट्टी, कह्यात न येणारा असा सांगतात. नाव सार्थच होते. या द्राक्षात आंबटपणा मुळात कमी. तोडणी जरा लांबली की उरलासुरलाही जातो आणि मद्य बेचव होते. शिवाय हवा लागली की रस लवकर बिघडतो.

अशा द्वाड पोराला घरात जे काम मिळते तेच आर्नेइसला मिळाले. नेब्बिओलो उशिरा पिकते, आर्नेइस तिच्या आधी. म्हणून शेतकरी नेब्बिओलोच्या ओळींत मधूनमधून आर्नेइसची वेल लावीत. पाखरांनी तिच्या गोड मण्यांवर ताव मारावा आणि मौल्यवान काळे घड वाचावेत, हा हेतू. उरलेली फळे तांबड्या मद्यात मिसळायची, त्याचा कडकपणा कमी करायला. स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा मान असा तिला क्वचितच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तर ती जवळजवळ नामशेष होण्याच्या बेताला आली.

मग १९६७ च्या सुमारास व्हिएत्ती या मद्यनिर्मात्या घराण्यातील आल्फ्रेदो कुर्रादो यांनी निव्वळ आर्नेइसचे मद्य करून पाहायचे ठरविले. पण फळ मिळणार कोठून? कोणाच्या बागेत चार वेली, कोणाच्या बागेत दहा. असे सांगतात की, त्यांनी गावच्या धर्मगुरूंना विनंती केली आणि रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांना निरोप गेला : आर्नेइस असेल तर आणा, चांगला भाव मिळेल. ब्रूनो जाकोझा यांनीही तोच मार्ग धरला. वेळेवर तोडणी आणि थंड तपमानात आंबवण या दोन गोष्टी साधताच नासपतीचा व पांढऱ्या फुलांचा वास असलेले, शेवटी किंचित कडवट लागणारे मद्य तयार झाले. १९८९ साली रोएरो आर्नेइसला कायद्याने नियंत्रित नाव मिळाले, तर २००४ साली इटलीतला सर्वोच्च दर्जा. आज ती शेकडो हेक्टरांवर उभी आहे.

आता दुसरी वेल. आमच्या विहिरीशेजारी भोकरीची एक जुनी वेल होती. थॉम्पसन सीडलेस येण्यापूर्वी नाशिककडे भोकरी, फकडी, साहेबी अशी द्राक्षे असत. भोकरीची साल जाड, गोडी बेताची, आत बिया. बाजारात तिला कोण विचारणार? आजोबा म्हणत, “असू दे रं, पाखरांच्या वाटणीची हाय ती.” मी बारावीत असताना तिथे शेततळे करायचे ठरले आणि वेल गेली. करवत माझ्याच हातात होती. आजोबा त्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. त्यानंतर वर्षभराने, याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आर्नेइसची हकीकत वाचली, आणि ते न बोलणे मला प्रथमच ऐकू आले.

कोणी म्हणेल, हा भावनेचा पसारा झाला. कर्जाचे हप्ते भोकरीने फिटत नाहीत. मान्य! अण्णांना मी दोष देत नाही. आर्नेइसही अश्रूंनी वाचली नाही. भाव मिळाला म्हणून वाचली. परंतु भाव मिळण्यापूर्वी कोणीतरी ती वेगळी तोडून, वेगळी गाळून, चाखून पाहिली, हे विसरता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या कामाला आपण एखाद्याला जुंपले त्यावरून त्याची लायकी ठरवणे हा न्याय नव्हे. भोकरीत काही गुण होता की नव्हता, मला ठाऊक नाही. खंत तीच आहे. आम्ही ती पारखून टाकली नाही, न पारखताच टाकली.

पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षाच्या अनेक वाणांचा संग्रह जतन केला आहे, ही समाधानाची गोष्ट. पण संग्रहात वेल राहते. तिची छाटणी कधी करीत, फळ कोणत्या सणाला येई, तिच्याविषयी काय म्हणी होत्या, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहते. ते टिपून ठेवायला कृषी पदवीधरच कशाला हवा? मराठी, भूगोल, इतिहास शिकणारे आपण आहोतच की! येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून हरवलेल्या वाणांची नावे लिहून आणावीत आणि प्राध्यापकांनी त्या वह्यांना ग्रंथालयात एक कप्पा द्यावा, अशी माझी सूचना आहे.

“आर्ट्‌सला जाऊन काय करणार?” हा प्रश्न आपणा सर्वांना एकदा तरी विचारला गेला आहे. म्हणून तरी या विषयात आपण जरा सावध असावे. माझी वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर भोकरी आहे, आणि सांगणारे आजोबा आहेत. ते आता पुन्हा बोलू लागले आहेत.

— तृतीय वर्ष कला