टाकी फुटली तर टाकीच बदला



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरला रंग लागतो, टायर बदलतात. पण पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलच्या टाकीकडे कोणी बघत नाही. टाकीला तडा गेला की साबण चोळायचा, रोज थोडे ऑइल ओतायचे आणि खेप ओढायची, असे चालते. आमच्या मते ही काटकसर नव्हे.

ऑइल कमी पडले की पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, पंप कण्हू लागतो आणि आतून झिजतो. टाकी वाचवायला जाऊन पंप घालवायचा, हा कुठला हिशेब? शिवाय ऑइलचा दाब गेला की स्टेअरिंग एकदम जड होते. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे वळण अन् रस्त्यावर शाळेची पोरं! अशा वेळी हातातला जोर किती पुरणार?

काम मोठे नाही. इंजिन थंड झाल्यावर जुने ऑइल डब्यात काढा; पाटात सोडू नका. नवी टाकी बसवा, पाइपाच्या क्लिपाही नव्या घाला. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑइल भरा. मग इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा, म्हणजे हवा निघेल. पातळी पुन्हा बघा.

वाहतुकीचा करार करताना आपण ट्रॉलीचे रिफ्लेक्टर बघतो, तशीच ही टाकीही बघावी, असे आम्हांस वाटते. ऊस उशिरा आला तर वजनात घट येते, ती पुढच्या साली भरून काढता येईल. माणसाची घट कशाने भरायची?